स्टँडवरचं स्थळ

इंद्रजीत पद्मजाला बघायला गेला तेव्हा त्याचे पोहे अर्धेसुद्धा खाऊन व्हायच्या आत निकाल लागला. तिचा बाप केणी, तळोज्याच्या कंपनीत फोरमन. त्याने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि पोरगा पनवेल एसटी स्टँडला रिक्षा चालवतो हे ऐकल्यावर रुमालाने हात पुसत बोलला, "आमाला जावई पर्मनंट पायजे. तरी बघू, घरी विचारून कळवतो." विचारायचं ते घर सगळं समोरच बसलं होतं.

चार वर्षांनी त्या कंपनीला टाळं लागलं आणि अर्धी कंपनी रिक्षा घेऊन पनवेलला उतरली. पण नवीन रिक्षा स्टँडच्या लायनीत लावायची तर लीडरने हो बोलायला लागतं, आणि आता लीडर होता इंद्रजीत. एके सकाळी हार घातलेली कोरी रिक्षा येऊन थांबली, तिच्यामागे तशीच आणखी एक. पुढच्या रिक्षातून केणी उतरला.

"बसा काका." इंद्रजीतने बाकड्यावर जागा केली, टपरीवरून पोहे मागवले. "शिक्षण किती?"

"अरे, तू वलखतोस ना मला?"

"वलखतो म्हणून तर पोहे मागवले. ती मागची रिक्षा कोणाची?"

केणी इकडेतिकडे बघायला लागला. "जावयाची. पर्मनंट होता तो."

इंद्रजीतने पोह्यांची प्लेट पुढे सरकवली आणि खिशातून रुमाल काढून सावकाश हात पुसले.

"खाऊन घ्या. दोघांचंही घरी विचारून कळवतो."