चंदनाच्या चार उदबत्त्या

माणमधली ती खोली भाड्यानं देताना घरमालक धुळाजींनी एकच अट घातली होती, "आमच्या घरात माळ हाय. मटण-मासा अजिबात चालायचा न्हाई."

जुईलीनं मान डोलावली होती. पण ऑफिसातून यायला रोज साडेसात व्हायचे, आणि जिमवाला प्रोटीनसाठी मागं लागलेला. मग कुकरात खिमा, मटार, गाजर, घरात असेल ते एकदम टाकायचं. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, चंदनाच्या चार उदबत्त्या लावायच्या. वीस मिनिटांत जेवण तयार आणि कुणाला पत्ता नाही.

बुधवारी तिसरी शिट्टी होते न होते तोच दार वाजलं. दारात धुळाजींची बायको, बयाबाई.

"कसला गं तुजा देव? कुकरची शिट्टी झाल्याबिगर उदबत्ती घेत न्हाई?"

जुईलीनं हात जोडले. "काकू, सॉरी. पुन्हा नाही करणार. खोली सोडायला लावू नका."

बयाबाईंनी आत येऊन कडी घातली, टॉवेल पुन्हा फटीत नीट सरकवला आणि पदराखालून रिकामी वाटी काढली.

"माळ म्हाताऱ्यानं घातलीया. म्या न्हाई."