आहेराचा भोंगा

“दिनेश रंगराव इंगोले यांच्याकडून नवरीला पितळी घागर,” भोंग्यावर पुकारा झाला. दुपारचा एक वाजला होता. खुद्द दिनेश मांडवापासून दोन शेतं दूर, दौलतरावांच्या विहिरीवर, त्यांच्या मोटरीचे नट खोलत होता.

आपलं नाव ऐकून तो गालातल्या गालात हसला. त्याची स्वतःची मोटर जळाली होती आणि भेंडीनं माना टाकल्या होत्या. पाणी मागितलं तर दौलतराव म्हणाले, “पाहू पुढच्या हप्त्यात.” तोवर भेंडी थोडीच दम धरते! मग मोबाइलवर त्यानं एक जुना, काळापांढरा सिनेमा तीनदा पाहिला. त्यातला खुनी मोठा डोकेबाज. फसला कशानं, तर त्या वेळी तो दुसरीकडे होता असं सांगणारं कोणी नव्हतं. बिचाऱ्याच्या गावात आहेराचा भोंगा नसावा.

दिनेशच्या गावात होता. पुकारा करणारा भांड्यावर कोरलेलं नाव वाचतो. भांडं आणलं कोणी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि नाव कोरतात ते घरच्या पुरुषाचंच. “मले उशीर होईल. पंगत बसली की पुकारा करून घे अन् घागर आहेराच्या खोलीत तू ठेव,” असं दिनेशनं बायकोला, शुभांगीला, बजावलं होतं.

घरी येऊन त्यानं मोटर गोठ्यामागच्या कुटाराच्या ढिगात, भुशात खोल, दाबली. शेवटच्या पंगतीला बसून बुंदी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी जमादार दारात आला. सोबत नवरीचे चुलते, म्हणजे दौलतरावच.

“एक वाजता कुठी होता?”

“मांडवात, साहेब. आहेर देऊन राह्यलो होतो. अख्ख्या गावानं आयकलं.”

“म्या बी आयकलं,” दौलतराव म्हणाले.

“मंग चाल,” जमादार म्हणाला. “आहेराच्या खोलीतून नवरीचा हार गेला. तिथं शेवटची गेली ती तुहीच घागर.”

हारापुढं मोटर किती लहान! दिनेशनं लहान पाप कबूल केलं. “मी मांडवात नव्हतोच, साहेब. दौलतरावची मोटर चोरून राह्यलो होतो. चला, दाखवतो.”

त्यानं कुटारात कोपरापर्यंत हात घातला. मोटरीच्या आधी हाताला लागला हार.

कुटारासकट तो बाहेर आला. मग हळूच वळून त्यानं बायकोकडं पाहिलं. “घागर हिनं ठेवली, साहेब.”

शुभांगीनं पदर सावरला.

“भोंग्यावर माह्यं नाव आलं होतं काय, साहेब?”