मोतीलालसरांच्या हरकती

"मॅडम, माझ्या काही हरकती आहेत," असं म्हणून मोतीलालसर उभे राहिले, तेव्हा अर्थशास्त्र विभागातल्या सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

समोर प्राजक्ता होती, विभागातली सर्वांत नवी प्राध्यापिका. बऱ्हाणपूरच्या केळीच्या भावांवर तिनं एआयच्या मदतीनं महिन्याभरात शोधनिबंध लिहिला होता, आणि तो वाचायला तिला थेट दिल्लीहून बोलावणं आलं होतं. याच विषयावर सरांची उमर गेली. दापोऱ्याच्या केळीच्या बागा फिरून फिरून चपला झिजल्या, आणि बोलावणं आलं ते फार तर खंडव्याहून. सरळ सांगायचं तर सरांच्या पोटात दुखत होतं. पोरीचं हसू त्यांना बघवत नव्हतं.

म्हणून सकाळी त्यांनी तिनं विभागात आधी वाटलेला निबंधाचा पहिला खर्डा गुपचूप त्याच एआयला दिला आणि फर्मावलं, यातल्या चुका काढ. ते बिचारं हुकमाचं ताबेदार. त्यानं काढल्या. आयती यादी हाती लागल्यावर स्वतः डोकं चालवायची सरांना गरजच वाटली नाही.

आता ते एकेक हरकत ठासून मांडत होते. पावसाळ्याचे आकडे अपुरे, जळगावच्या बाजाराशी तुलना नाही, वाहतुकीचा खर्च धरलेला नाही. प्राजक्ता शांतपणे उत्तरं देत होती. शेवटच्या हरकतीचं उत्तर तर तिनं सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच दिलं.

"तुम्हाला आधीच कसं माहीत?" सर चिडले.

"सर, हे तर एआयनं मलाबी सांगितलं होतं. एकदम हेच, याच नंबरनं." ती अवघडून हसली. "मग मी सगळं ठीक करून टाकलं."

शेजारी बसलेल्या पंकजसरांनी घाईघाईनं कप उचलून त्यात तोंड खुपसलं. मोतीलालसरांचे कान तापले.

"पण सर, मी तुमच्यासाठीच थांबली आहे," प्राजक्ता म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच सरांना जास्त लागलं. "त्याला फक्त मंडीचे आकडे माहीत. तुम्ही तर शेतकऱ्यांसोबत बांधावर बसलेले. माझं काही छूट तो नहीं रहा? उद्या पाठवायचंय. बताओ ना सर."

सुटलं होतं. सर्वांत मोठं तेच सुटलं होतं. मंडीच्या लिलावात पुकारतात तो भाव कागदावर चढतो. पण व्यापारी घड कापायला बागेत गेला की 'माल बारीक आहे' म्हणत तो खाली ओढतो. शेतकऱ्याच्या हाती खरोखर पडतो तो भाव कुठल्याच आकड्यांत येत नाही. सरांनी हे बागेत उभं राहून कितीदा पाहिलं होतं. एवढं एक घातलं असतं, तर दिल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिच्यासाठी.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"नाही," ते म्हणाले. "काही सुटलेलं नाही. द्या पाठवून."