निळं पान

मेलेला उंदीर धरावा तसा एल्विराने तो रेशमी स्कार्फ दोन बोटांत उचलला आणि विचारलं, "हे फूल कुणाचं?"

"आपलंच की, मावशी," डेरिन म्हणाला. पलीकडच्या वस्तीतला पोरगा, शहरात शिकून आलेला. मेजवानीच्या सभागृहात स्कार्फ विकायला टेबल मांडून बसला होता. आपल्या जमातीच्या बायका मखमलीवर मण्यांनी भरतात तसले गुलाब आणि वेली त्याने रेशमावर छापल्या होत्या.

'आपलंच' हा शब्द चोर फार मोकळेपणाने वापरतात, असं एल्विराचं मत होतं. वेलीच्या हिरव्या पानांत एकच पान निळं होतं. मणी भरणारी बाई कामात एक चूक मुद्दाम ठेवते, कारण चुकत नाही तो फक्त निर्माता. बाकीच्या बायका एखादा मणी चुकवायच्या. एल्विराची आई सढळ हाताची. ती अख्खं पान चुकवायची. आणि घरच्यांखेरीज कुणासाठी तिने जन्मात एक टाका घातला नव्हता.

एल्विरा तडक सभागृहाच्या पुढच्या बाजूला, माइककडे गेली. आज आईच्या फुलाचा चोर सगळ्या गावाला दिसणार होता. डेरिन सांगत सांगत मागे धावला. फूल त्याने आजोबांच्या जाकिटावरून घेतलं होतं, क्लेमेंट आजोबांच्या. घराबाहेर ते जाकीट त्यांच्या अंगावरून उतरत नसे. आजी मात्र ते घरात येऊ देत नसे. कुणी केलं म्हणून विचारलं की आजोबा नुसते हसत.

एल्विराने माइक चालू केला होता. तिला आई आठवली. परक्या पुरुषाला चहासुद्धा न विचारणारी आई. मग तिने डेरिनच्या नाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नाक आरशातल्या नाकासारखं ओळखीचं वाटू लागलं.

सगळे वाट बघत होते.

"सूप गार होतंय," ती माइकमध्ये म्हणाली. सूप अजून चुलीवर होतं.

स्कार्फ पदराआड करावा तसा तिने कोटात कोंबला, पण पहिल्याच खुर्चीवर तिचे म्हातारे वडील बसले होते. त्यांनी हात पुढे केला. ना म्हणायची सोय नव्हती. त्यांनी निळ्या पानावरून अंगठा फिरवला आणि क्लेमेंट आहे का अजून, असं विचारलं. मागच्या हिवाळ्यात गेले, डेरिन म्हणाला.

म्हाताऱ्याने आजूबाजूला पाहून लेकीला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "जाकीट माझं. पत्त्यांत हरलो त्याच्याकडे. तुझ्या आईला सांगितलं, होडी उलटली, जाकीट तळ्यात गेलं."

"आणि खरं कधी सांगितलंच नाहीत, बाबा?"

"कोणत्या तोंडानं सांगू? दर वसंतात ती काठावर जाऊन तळ्याला तंबाखू वाहायची, नवरा तेवढा परत दिला म्हणून."