गोष्टीचा खोखो

बहात्तरच्या दुष्काळात परभणीला आलेली सरजाबाई कापसाच्या जिनिंगमधून थेट शाळेच्या मैदानावर आली, काखेत तान्हं घेऊनच. गुरुजींना ठणकावून सांगायचं होतं, "उद्यापासून पोरगी येणार न्हाई, लेकराला कोण सांभाळंल?" शाळा सुटल्यावर तिथं गुरुजी गोष्टीचा खोखो घेत. पळणाऱ्यानं सांगता सांगता ज्याला खो दिला, त्यानं उठून गोष्ट पुढं न्यायची. शेवटी सगळ्यांनी वहीत लिहायची. डाव संपेस्तोवर सरजाबाई रांगेच्या टोकाला टेकली. तिचीच पोरगी पळता पळता सांगत होती, "तेवढ्यात पोरीची माय मैदानावर आली. लय चिडलेली. माय म्हणली..." सरजाबाईच्या पाठीवर थाप पडली. "खो!" "मला कशाला गं?" "खो मिळाल्यावर बसायचं न्हाई, माय. पुढचं सांग." सगळी रांग सरजाबाईच्या बोलण्यासाठी थांबली. असं आजवर कुणी थांबलं नव्हतं. ती उठली. पदर खोचून तान्हं गुरुजींपुढं केलं. "माय म्हणली, गुरुजी, लेकरू धरा."