तळ्यावरची सीमा

"सीमा कुठंय गं?" धुक्यानं झाकलेल्या, गोठलेल्या तळ्याकाठी नागपूरहून आलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

"रेघ नाही बाबा, पण धुकं विरलं की दिसेल," नंदा म्हणाली. "पलीकडे चेक लोक, आइस हॉकीचे वेडे. स्केट्सनी खरवडून त्यांचा बर्फ दुधासारखा पांढरा झालाय. आपला जर्मनीचा काचेसारखा कोरा. इथे सगळे फुटबॉलवाले."

"अन् आपली दीपा?"

"तुमची नात कशातच नाही. वर्ष झालं, शाळेत कुणाशी बोलत नाही. स्केट्स आणून दिले, तेही पडून. आत्ताही खोलीतच असेल."

धुकं हळूहळू विरत गेलं. त्यांच्या पायांपासून निघालेली एक बारीक पांढरी रेघ कोऱ्या बर्फावरून थेट पलीकडे गेली होती. तिकडून पोरांचा गलका ऐकू आला.

त्यात सगळ्यांत मोठा आवाज दीपाचा होता.