होकाराचा आवाज

“मोर्चात बायकांच्या हक्कांसाठी बोंबलतेस आणि घरी असले गुळमट प्रेमपट बघतेस?” चेस्वावने बायकोला डिवचलं. “प्रेमाशी नि हसण्याशी माझं वैर कुठंय?” म्हणत ग्राझिनाने सूर्यफुलाच्या बियांची वाटी मांडीवर घेतली. पोलिश टीव्हीवर परदेशी सिनेमांतल्या नायिकेसकट सगळ्यांचे संवाद एकच पुरुष वाचून दाखवायचा. आज मात्र वाचणारी त्यांची लेक होती. गुडघ्यावर बसलेला नायक तिच्या आवाजात म्हणाला, “माझ्याशी लग्न करशील?” चेस्वाव कुरकुरला, “मागणी पुरुषाची आणि आवाज बाईचा? कानाला खटकतं.” “आजवर पोरींचे होकार बाप्याच्या आवाजात ऐकलेस, तेव्हा कान कुठं गहाण ठेवले होतेस?” पडद्यावर नायिका विचारात पडली. ग्राझिना बिया सोलायची थांबली. नायिका लेकीच्या आवाजात म्हणाली, “आधी उभा राहा, मग सांगते.” चेस्वावने रिमोट उचलून शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका आवाज वाढवला.